मसूरवाली तार

३ मार्च, मंगळवार

आधी गॅसवरचं दूध बघून या! हो, वाचणाऱ्यालाच सांगतेय. ठेवलं असेल आणि विसरायला झालं असेल. आमच्या घरात दूध तापवणं म्हणजे ओटा धुणं.

आता वाचणारं कोण म्हणा! मला अक्षर येत नाही. बँकेत अंगठा देते, तोही तिथली मुलगी धरून दाबते. म्हणजे हे पान माझं, आणि मला वाचता येत नाही – म्हणजे ते कुणाचंच नाही. बरंच आहे. मनातलं बोलायला अशीच जागा बरी.

झालंय असं, की परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर यतीन म्हणाले, "आजी, दम कधी लागतो, चक्कर कधी येते, रोज लिहून ठेवा." मी म्हटलं, "लिहायला शिकेपर्यंत दम राहिला पाहिजे ना!" हसले नाहीत. तरुण आहेत. हसायची प्रॅक्टिस अजून व्हायचीय.

तेव्हा इरावतीने, माझ्या नातीने, फोनमध्ये हे बसवून दिलं. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. तो लिहितो. तारीख त्याची तोच टाकतो. कानाचं चित्र दाबलं की एक बाई वाचून दाखवते – घाईत असते, जशी काय तिची कामं खोळंबलीत. "फक्त तुझं हं आजी, कुण्णी वाचणार नाही," इरा म्हणाली. गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आजचा दम – स्वयंपाकघर ते गॅलरी. मध्ये एकदा खुर्ची.

४ मार्च, बुधवार

नवल! आज दूध उतू गेलं नाही. इरा ओट्याशी उभी राहून पातेल्याकडे बघत होती. हातात फोन असूनसुद्धा! सून मीनाक्षी म्हणाली, "बरं नाही का गं तुला?"

दम नाही. नवलाने लागला असता, पण नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज डॉक्टरांकडे सगळं बिऱ्हाड. मी, मुलगा पुष्कर, मीनाक्षी, इरा. खुर्च्या दोन.

माझ्या हृदयातली एक झडप आखडलीय. चुना धरलाय तिला, जुन्या नळाला धरतो तसा. पुरती उघडत नाही, म्हणून रक्त पुढे जायला कुरकुरतं, म्हणून दम. छाती उघडायचं माझं वय नाही. तर म्हणे मांडीच्या शिरेतून एक नळी वर न्यायची आणि तिच्यातून नवीन झडप आत सोडायची.

"एवढ्याशा नळीतून झडप जाणार कशी?" पुष्करने विचारलं. बँकेत आहे तो. कुठलीही गोष्ट आत कशी जाते आणि बाहेर कशी येते, हे त्याला आधी कळायला लागतं.

डॉक्टरांनी नमुना दाखवला. कानातला जाळीचा झुबाच जणू. बर्फाच्या पाण्यात बुडवला की मऊ पडतो, मग त्याला चुरगाळून नळीत भरतात. आत गेल्यावर सोडला, अंगाची ऊब लागली, की त्याला स्वतःचा आकार आठवतो आणि तो उघडतो!

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा हुशार. मी आतल्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही."

सगळे खूष. मग पुष्कर म्हणाला, "धातू कुठला?"

"निकेल आणि टायटॅनियम. आठवण ठेवणारा धातू म्हणतात त्याला."

इरा ताडकन उभी. "नको!"

डॉक्टरांच्या तोंडावर! चार वर्षं माटुंग्याच्या लॅबमध्ये ही पोर ह्याच धातूवर पीएच.डी. करतेय. आम्ही आपले नातेवाइकांना सांगायचो, 'तारांचं काहीतरी करते.' ते तारांचं काहीतरी आता माझ्या छातीत निघालं.

"मी त्याला आतून ओळखते," इरा म्हणाली. "आजीत नको."

बस. पुष्करचा चेहरा पडला. "इरा नको म्हणते तर थांबू." मीनाक्षी म्हणाली, "औषधांवर बघू थोडं." डॉक्टर म्हणाले, "बघा. पण फार थांबू नका."

मला कुणी विचारलं नाही. मी त्या झुब्याकडे बघत होते. देखणा होता.

८ मार्च, रविवार

इराने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, मला कारण तरी सांगू दे."

काळ्यावर पांढरे ठिपके. रांगाच रांगा. हे म्हणे अणू. त्यांच्याकडे खोलीएवढा मायक्रोस्कोप आहे. तो चालू असताना मोठ्याने बोललेलंसुद्धा चालत नाही. मला तिथे प्रवेश नाही, हे मी न विचारताच समजले.

"रांगोळीचे ठिपके आहेत गो!"

"हो. आता इथे बघ. ही रांग अर्ध्यातच संपली."

"काढणारी फोनवर बोलत असणार."

हसली. बरं वाटलं. "हा दोष आजी. अशा अर्ध्या रांगा. तार वाकवली की त्या सरकतात, आणखी होतात. फार झाल्या की तारेला आपला आकार पुरता आठवत नाही."

मग दुसरं चित्र. ठिपक्यांच्या मधोमध एक काळपट दाणा, दोन्ही टोकांना निमुळता.

"मसूर!"

"सगळं जग ह्याला भिंगाच्या आकाराचा म्हणतं."

"मसूर आहे."

"बरं, मसूर." हा दाणा म्हणे कुणी घालत नाही. तार भट्टीत ठेवली की धातूतलं जास्तीचं निकेल गोळा होऊन तो आपोआप धरतो.

"पाकात साखर धरते तसा?"

"हो... साधारण." साधारण म्हणजे नाही. नातीची भाषा मला कळते.

"मग हा मसूर चांगला की वाईट?"

"चांगला. आजूबाजूच्या रांगांना ताणून धरतो. पण काही दाणे कचऱ्याचे असतात, धातू ओततानाच राहिलेले. तडा तिथून सुरू होतो. आणि बाहेरून काही दिसत नाही गं! मी रोज तडे गेलेल्या तारा बघते. उद्या तुझ्या आत..."

तिने लॅपटॉप बंद केला.

मी म्हटलं, चहा टाक.

१० मार्च, मंगळवार

इराने मला खेळायला एक तार दिली. माझी तोंडबंदी करायला असणार. दिसायला साधी, सरळ. म्हणाली, "गरम चहात टाक." टाकली – आणि सरर्कन वळून तिची चकली झाली!! मी ओरडलेच. मीनाक्षी आंघोळीतून ओरडली, "काय झालं?" चकली झाली, म्हटलं.

बाहेर काढायची, गार करायची, बोटांनी सरळ करायची. परत चहात. परत चकली. चहा तेवढा फुकट जातो.

दम? आज आठवलाच नाही.

१३ मार्च, शुक्रवार

तीन दिवसांत तार सगळ्या इमारतीने बघितली. लिफ्टवाला, भाजीवाली, शेजारची उर्मिला आणि तिच्या भिशीच्या सगळ्या बायका. एक म्हणाली, "माझ्या मिस्टरांना असं गरम पाण्यात टाकलं तर लग्नातला आकार येईल का?" उर्मिलेच्या नाकातून सरबत आलं.

घरातलं कोकम संपलंय. सांगितलं तर मीनाक्षी म्हणेल, त्यात मीठ असतं, कमी करा. म्हणून कुणाला सांगत नाही. पानाला सांगते.

१४ मार्च, शनिवार

इरा दादरहून येताना कोकम घेऊन आली. "सहज दिसलं म्हणून."

मनकवडी पोर!

१५ मार्च, रविवार

वाईट झालं.

सकाळी तार चहात टाकली. वळली, पण शेवटचा वेढा सुटाच राहिला. परत टाकली. परत तसंच. शेपूट लोंबतंय. फुंकर मारली, चमच्याने ढोसलं, चहा पुन्हा उकळला. नाही म्हणजे नाही.

तेवढ्यात इरा मागे उभी. "किती वेळा केलंस हे?"

"मोजलं नाही. आवडलं तेवढ्या वेळा."

तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "बघितलंस? बघितलंस ना आता? ही नुसती चहात होती आजी! हृदय एका दिवसात किती वेळा..."

"हृदय मी चहात बुडवणार नाही गो."

हसली नाही. तार रुमालात गुंडाळून घेऊन गेली. जसं काय मीच तिची विकेट काढली. खरं तर माझीच काढली मी! जपून, थोडंच खेळले असते तर तिचं मन वळवायला तेवढी जागा राहिली असती. आता तिला पुरावाच दिला हातात.

१६ मार्च, सोमवार

गावाला दीर असतात, तात्या. देवळातलं गुरवपण त्यांच्याकडे. आमच्यात मोठं काही करायचं तर देवाला कौल लावतात – मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होय, डावी पडली की नको. पुष्करने फोन लावून दिला. मी म्हटलं, तात्या, माझ्या झडपेचा कौल लावा.

"वैनी, घरातली सगळी एकमतान आसत मा?"

"एक नात सोडून."

"मगे कौल नाय. घरातच डावा असताना देवाक कित्याक इचारुचा?"

झालं! इतकी वर्षं ह्या तात्यांनी माझं एक ऐकलं नाही, आज नियम आठवला. पण खरं आहे. आमच्याकडे असंच चालतं. सासूबाईंच्या वेळी गाय विकायचीसुद्धा घरातल्या लहानग्याला विचारून विकली होती.

म्हणजे देवाच्या आधी इरा.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. मी खुर्चीवरून हुकूम सोडले. पुष्करने गाठी उलटी बांधली.

दुपारी इरा ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. दमलेली तार तिने मायक्रोस्कोपखाली बघितली. चित्र दाखवलं. रांगोळी कसली, मांजराने खेळलेला लोकरीचा गुंडा!

"ह्या सगळ्या अर्ध्या रांगा. तू केलेल्या."

"मसूर कुठेय?"

"ह्यात नव्हताच. तुला दिली ती साधी तार होती. एकसारखी, स्वच्छ, बिनदाण्याची."

"म्हणजे जिच्यात काही नव्हतं, ती लवकर विसरली?"

ती पुरणपोळीचा तुकडा ताटात फिरवत होती. मग म्हणाली, "हो. अर्ध्या रांगा सरकायला लागल्या की मसूर आडवा येतो. माहितेय मला. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरणच आहे ते."

"मग घाबरतेस कशाला?"

"प्रकरणात तू नव्हतीस ना."

मी तिच्या ताटात तूप वाढलं.

संध्याकाळी तिने दुसरी तार आणून दिली. मसूरवाली. ही पण चकली होते. "घे," म्हणाली, "हिला दमव."

२१ मार्च, शनिवार

दमवतोय. सगळं घर लागलंय. पुष्कर अंघोळीच्या आधी दहा-वीसदा बुडवतो, तोंडाने 'हं, हं' करत, जशा काय नोटा मोजतोय. मीनाक्षी म्हणते पाणी तापवून तापवून सिलिंडर संपेल, आणि स्वतःच सगळ्यात जास्त वेळा बुडवते. चकली टच्च. शेपटासकट.

इरा म्हणाली, "हे शास्त्र नाही आजी. हा चहा आहे."

"मग शास्त्र कर. डॉक्टरांना जाऊन विचार. त्यांना तुझी भीती वाटते, माझी नाही."

२२ मार्च, रविवार

मसाल्याच्या मिरच्या गच्चीत वाळत घातल्यात. दरवर्षी मीच पालटते. सगळे दुपारचे झोपलेले, म्हटलं लिफ्टने जाऊ. शेवटचा अर्धा जिना चढायचाच असतो. तिथे डोळ्यांपुढे अंधार आला. पायरीवर बसले. बराच वेळ कबुतरं आणि मी.

कुणाला सांगितलं नाही. पानाला सांगते.

२३ मार्च, सोमवार

इरा सकाळपासून घरात. "लॅबला सुट्टी." सोमवारी? मिरच्या तिनेच पालटल्या. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

तिचे डोळे लाल होते. मिरच्यांनी होतात.

२४ मार्च, मंगळवार

आज दम मोजत नाही. आज बोलते.

मला मरायची भीती आहे का? आहे थोडी. नसते असं सांगणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्याच हॉस्पिटलात जास्त ओरडतात. पण मला त्याहून कंटाळा येतो, गो. खुर्चीत बसून दुसऱ्याने भाजलेल्या धण्यांचा वास घ्यायचा! कच्चेच उतरवते मीनाक्षी. मला लालबागच्या गल्लीत मसाला कुटणाऱ्या डंकासमोर उभं राहायचंय, पदर नाकाला लावून, आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळत तर नाही ना ते बघत. एवढंच हवंय. शिंकायचंय मला भरपूर.

इराची भीती मला कळते. डाळ निवडताना मला ताटात खडेच दिसतात. डाळ दिसतच नाही. म्हणून काय आपण दुपारी खडे जेवतो? तिला रोज मोडलेलीच तार आणून देतात. जी मोडली नाही, ती कोण आणून देणार तिला? ती बिचारी कुणाच्या तरी छातीत काम करत असणार. ती मायक्रोस्कोपखाली यायला रिकामी कुठेय?

आणि मला शंभर वर्षांची हमी नकोच आहे. माझ्यापेक्षा तार जास्त टिकली तर ती एकटी काय करणार?

थांबते. दम लागला. बोलण्याचा. हा चांगला असतो.

२६ मार्च, गुरुवार

काल इरा एकटी डॉक्टर यतीनकडे जाऊन आली. दोन तास! कुठल्या तापमानाला उघडते, कशी भाजलीय, कचऱ्याचे दाणे किती चालवून घेतात, किती वेळा उघडमीट करून तपासलीय – सगळं खोदून काढलं. कागद मागवून घेतले, रात्रभर वाचले. डॉक्टरांनी पुष्करला फोन केला म्हणे, "तुमच्या मुलीला मी परीक्षा दिली. पास झालो वाटतं."

आज सकाळी माझ्या पायाशी बसली. "आजी, करूया."

"खात्री झाली?"

"खात्री नाही. खात्री कुणालाच नसते. पण चांगली केलीय त्यांनी. मी केली असती तशीच." मग माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "आणि तुझ्यापेक्षा जास्त टिकली तर ती एकटी काय करणार, ते बघू पुढे."

मी तिच्या केसांतून हात फिरवला. तेल नाही लावत ही पोर.

हं.

हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, शनिवार

कौल लागला! तात्यांनी व्हिडिओवर दाखवला. गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आम्ही सगळे फोनभोवती डोकी एकत्र करून... आणि नेमकी पाकळी हलली तेव्हा तात्या गोठले! तोंड उघडं, बोट वर. पुष्कर फोन हलवतोय, मीनाक्षी देवाचं नाव घेतेय, आणि आमची शास्त्रज्ञ ओरडतेय, "कुठली पडली? आजोबा, कुठली पडली?"

मग नुसता आवाज आला. "उजवो दिल्यान गो वैनी! उजवो!"

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं ते मी पानालाही सांगणार नाही.

१ एप्रिल, बुधवार

आज. डॉक्टरांना म्हटलं, एक एप्रिलला बोलावलंत, आत नेऊन 'फसवलं' तर म्हणणार नाही ना? हसले!! दात चांगले आहेत त्यांचे. उगाच लपवतात.

बर्फ तयार आहे म्हणे. फोन इराकडे देतेय. मागतानाच तिने परत गळ्याला हात लावला. "मी उघडणार नाही हं."

३ एप्रिल, शुक्रवार

इरे, उघडली. पहिल्या उबेला, शेपटासकट. आज हॉस्पिटलच्या लांब गॅलरीत फिरून आले, खुर्ची मध्ये लागली नाही.

आता वाचतेच आहेस तर नीट वाच. पहिल्या दिवशी दूध बघायला सांगितलं, ते तुलाच. खोटं बोलताना तू लहानपणापासून गळ्याला हात लावतेस, हे तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही. तोंडावर सांगितलं असतं तर वाद घातला असतास. चोरून वाचलेलं माणूस मुकाट ऐकतं.

इथली खिचडी मी शेजारच्या बाईला दिली. तिखटाची सोलकढी पाठव, कोकम तूच आणलेलं वापर. बांगडा तव्यावरचा, तळलेला नको म्हणतात. डोक्याकडचा तुकडा माझा. आणि नवा मसाला नाही, मागच्या वर्षीचाच लाव – नव्याला मी घरी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पातेलं गॅसवर असेल तर आधी ते बघ.